डबी उघडल्याशिवाय पुस्तक नाही

बाई,

परवा तुमच्या तेराव्याला जिलबी होती. तुम्हाला जिलबी आवडत नसे हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून कुणाला त्याचं काही नव्हतं. लोक आले, हात धुऊन पानावर बसले, तुमच्याबद्दल एकेक वाक्य बोलले आणि आणखी वाढायला सांगितलं. तुमच्या शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ पाकाची बोटं चाटत म्हणाले, "बाई म्हणजे चंदन हो. नुसत्या झिजल्या." मला शिसारी आली. तुम्ही शाळा सोडली त्या दिवशी या माणसानं तुमच्या हातावर साधा नारळ ठेवला नव्हता. मी तिथूनच उठलो असतो, पण अन्न टाकून उठल्याबद्दल याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, लहानपणी इतके रट्टे घातलेत की आता ते जमत नाही. खाली मान घालून गिळलं.

आणि चंदन कसलं घेऊन बसलेत हे लोक? तुमच्या अंगाला कधी चंदनाचा वास आला नाही. तुमच्या अंगाला, पदराला, पुस्तकांना, तुम्ही दिलेल्या पाण्याच्या पेल्याला तपकिरीचा वास यायचा.

मी हे तुमचे गुण गायला लिहीत नाही. गुण गाणाऱ्यांची पंगत उठली. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मधेच उठून गेलात, म्हणून लिहितो आहे.

आपल्या जिल्ह्याला मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकलं, त्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो. तेव्हा मी महागावला शाळेत मास्तर होतो आणि घरी बसून एम. ए. करत होतो. फुलसावंगीजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा पोरगा इंग्रजीत एम. ए. करतो याचंच लोकांना हसू यायचं. त्या अभ्यासात सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवितेचा एक पेपर होता. सगळे तो गाइडावर पास होत. परीक्षेत तोंड कुठं उघडावं लागतं? पण नागपूरचे एक मोठे प्राध्यापक कॉलेजच्या नोकरीच्या मुलाखतीला बसत आणि उमेदवाराच्या हातात त्याच कवितेचं पान देऊन "वाचा" म्हणत. तिथं भल्याभल्यांची दातखीळ बसायची. मला कुणीतरी सांगितलं की ती इंग्रजी तोंडानं वाचू शकणारं अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस आहे, यवतमाळच्या मुलींच्या शाळेतल्या म्हाताऱ्या बाई, वकिलांच्या अक्का.

तुम्ही अंगणात बसला होता. दाराआडून तुमच्या भावजयीनं विचारलं, "कोण आहे?" आणि मी नाव सांगितल्यावर ती पुन्हा दिसली नाही.

"मले जुनी इंग्रजी वाचाले शिकायची हाय," मी म्हणालो.

"कशाला? मार्कांसाठी असेल तर गाइड घे."

"नोकरीसाठी."

"खरं बोललास. बस. आधी पाणी पी." आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत तुम्ही स्वतः उठलात आणि माठातून पेला भरून आणलात. त्या घरात मला पाणी विचारणारं दुसरं कुणी शेवटपर्यंत निघालं नाही.

मग तुम्ही कमरेची डबी काढली. झाकणावर झिजलेलं फूल असलेली ती पितळी डबी. चांगली मोठी चिमूट घेतलीत, एका नाकपुडीत, मग दुसऱ्या. डोळे मिटले, तोंड उघडलं, शिंक आली, ती अर्धी रुमालात आणि अर्धी पुस्तकावर. वरच्या ओठावर तांबूस ओघळ. तो मनगटानं पुसून तुम्ही पान उघडलंत आणि वाचायला लागलात.

बाई, मला कशाचीही पटकन किळस येते. तांड्यावर माझी थट्टा व्हायची की हा पोरगा माशी बसली तर भाकर सोडते. लोकांना वाटतं तांड्यावरचे लोक मळके असतात. त्यांनी एकदा माझ्या याडीची घासलेली पितळेची भांडी बघावीत, तोंड दिसतं त्यात. आणि इथं मी या शिकल्यासवरल्या घरात, ओठावर तपकीर ओघळणाऱ्या बाईच्या समोर हातभर अंतरावर बसून तिच्या तोंडात बघत होतो. कारण तुमचा हुकूमच होता, "पुस्तकात बघू नकोस, माझ्या तोंडात बघ. जीभ कुठं जाते ते बघ."

तुम्ही म्हणायचात, "या भाषेत कुठलंच अक्षर आयतं बसून खात नाही. लिहिलंय ना? मग बोलायचं." आज ज्याला इंग्रज नाइट म्हणतात तो त्यांचा घोडेस्वार सरदार, त्याला तेव्हा क्निख्त म्हणत. क वाजला पाहिजे, आणि तो ख घशातून ओढून काढला पाहिजे, कफ काढतात तसा. "खाकर," तुम्ही म्हणायचात. "अजून खाकर. तोंड काय झाकतोस? लाजतोस कुणाला?" आणि तुम्ही खाकरून दाखवायचात, आणि तुमच्या थुंकीचे बारीक थेंब माझ्या चष्म्यावर. शिकवणी संपली की मी कोपऱ्यावरच्या नळावर जाऊन चेहरा घासून घासून धुवायचो. दर रविवारी. एस. टी.त बसलो तरी नाकातून तो वास जात नसे.

तरी मी यायचो. नोकरीसाठी, असं मी स्वतःला सांगायचो. पण तुम्ही वाचायला लागलात की ती मेलेली ओळ ताठ उभी राहायची, तिला ताल यायचा, शेवटचा तो न बोलायचा वाटणारा स्वर हलकेच वाजायचा आणि मला गाइडात न कळलेलं कळायचं. हेही खरं आहे, आणि ते लिहिताना मला काही लाज वाटत नाही.

मी तुमच्याकडून कसा शिकलो ते तुम्हाला पुढं सांगितलं होतं, तरी पुन्हा सांगतो, कारण आपलं भांडण तिथूनच उगवलं. आमच्यात लग्नाआधी नवरीला ढावलो शिकावा लागतो. ढावलो म्हणजे माहेर सोडताना गळ्यात पडून म्हणायचं रडगाणं. ते कुठं लिहिलेलं नसतं. घरातली म्हातारी म्हणते, पोरगी तिच्या तोंडाकडं बघत तसंच म्हणते. त्यात निवडानिवड नाही. जिथं म्हातारीचा आवाज फाटतो तिथं पोरीचा फाटला पाहिजे. माझ्या बहिणीला, सकरीला, याडीनं शिकवलं. याडीला जुना दमा. लग्नात सकरी तो ढावलो अशी म्हणाली की दर दोन ओळींना तिचा श्वास अडकायचा, शीळ वाजायची, जशी याडीची वाजते. तिचा सासरा घाबरून माझ्या बापाला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांगा, पोरीले दमा तं नाई ना?"

मीही तसाच शिकलो. तुमच्या तोंडातून जे निघालं ते सगळं घेतलं. चंद्राला ते लोक मोनअ म्हणत. पण तुमच्या तोंडून ते बोडअच्या जवळपास काहीतरी यायचं, म आणि न दोन्ही कोंडलेले. ज्या भाषेत सगळंच वेगळं, तिच्यात हेही वेगळं असेल, असं मी धरून चाललो. आमच्यात शिकवणाऱ्याला मधे थांबवून विचारत नाहीत.

मग मुलाखत. नागपूरच्या त्या प्राध्यापकांनी पान हातात दिलं. मी वाचलं. त्यांनी चष्मा काढला, "वा" म्हणाले, "असं वाचन मी फार वर्षांत ऐकलं नाही." आणि मग, "पण काय हो, तुम्हाला पडसं झालंय का?" टेबलाभोवतीचे सगळे खो खो हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. नोकरी मिळाली, वणीच्या कॉलेजात लागलो, पण बाई, त्या दिवशी बसस्टँडावर मी स्वतःशी ती ओळ म्हणून बघितली, आणि माझ्या नाकातून तुमची तपकीर ऐकू आली. एक चिमूटही न ओढता!

पुढचे कित्येक महिने मी माझं तोंड धुतलं. म चा म केला, न चा न केला. आणि पेढे घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा सरळ सांगितलं की बाई, तुमचा उच्चार सगळा बरोबर आहे, फक्त ते कोंडलेलं नाक तेवढं तपकिरीचं आहे.

तुम्ही पेढा खाली ठेवलात. "मिस अशाच म्हणायच्या," तुम्ही म्हणालात.

मिस म्हणजे तुम्हाला नागपूरच्या मिशनच्या कॉलेजात शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मडमबाई. त्यांचं नाव तुम्ही घरात देवाचं घ्यावं तसं घ्यायचात.

"उच्चाराचं पुस्तक आहे, विलायतेतलं. त्यात स्वच्छ लिहिलंय."

"पुस्तकाला नाक असतं का?"

"बाई, ही तपकीर हाय."

"मिस अशाच म्हणायच्या."

बस. एवढंच आपलं भांडण, आणि ते आपण वर्षानुवर्षं भांडलो. मी वणीहून दिवाळीला आलो की, तुम्ही उन्हाळ्यात माझ्याकडे आलात की. मी पुरावे आणायचो आणि तुम्ही ते एकच वाक्य माझ्या तोंडावर फेकायचात. मला तुमच्या हट्टाचा वीट आला होता, स्पष्टच सांगतो. एकदा मी चिडून सकरीच्या दम्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, ढावलो खरा, पण दमा याडीचा. सकरीनं तो कायले घ्यायचा? तुम्ही पोटभर हसलात. मग डोळे पुसत विचारलंत, "आता सकरी म्हणते तेव्हा काय करते? सोडला का तिनं तो दमा?"

"नाई. ती तं पोरींलेही तसंच शिकवून राह्यली."

"मग?" तुम्ही म्हणालात, आणि डबी उघडलीत.

तुम्ही उन्हाळ्यात आमच्याकडे राहिला होतात तेव्हा याडीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. तिला तुम्ही आवाजावरूनच माहीत. ती तुम्हाला मास्तरीण म्हणायची. वणीत खाणीची काळी धूळ दिवसभर खिडक्यांवर बसते. मी फडका घेऊन पुसत फिरायचो आणि तुम्ही दोघी ओट्यावर माझी नक्कल करून हसत बसायचात. तुम्ही तिला ती जुनी कविता वाचून दाखवलीत. तिला त्यातलं काय कळणार? पण ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हे कोण्या तरी म्हातारीनं शिकवलं हाय इले." मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला वाटलं, म्हातारी बरळते.

शेवटचे भेटलो ते तुमच्या खाटेजवळ. तुमच्या भावजयीनं डबी काढून घेतली होती, डॉक्टरांचं नाव सांगून. तुमचं नाक कोरडं, आवाज कधी नव्हे तो मोकळा. तुम्ही म्हणालात, "रामधन, वाच." मी वाचलं, माझ्या धुतलेल्या उच्चारात. तुम्ही छताकडं बघत ऐकलंत. "स्वच्छ वाचतोस," म्हणालात. "फार स्वच्छ." आणि भिंतीकडं वळलात. मला राग आला. शेवटच्या दिवसांतसुद्धा ही बाई हार मानत नाही, असं वाटलं. मी बस चुकेल म्हणून उठलो.

आता परवाचं ऐका.

जेवणं झाली. मी हात धुऊन निघालो तेव्हा तुमचे वकील भाऊ मागून आले. दोन बोटांत वर्तमानपत्राची पुडी, मेलेला उंदीर धरावा तशी. "ही घ्या तुमच्या बाईंची घाण," म्हणाले. "घरात ठेवायला ही तयार नाही. फेकायची तर आमच्या दारात नको." पुडीत डबी होती.

मी म्हणालो, "त्यांची आवडती होती."

"आवडती कसली? त्या मडमेची आहे ती. मडम मेली तेव्हा तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींना मिशनवाले म्हणाले, हवं ते घ्या आठवण म्हणून. बाकीच्यांनी पुस्तकं घेतली, घड्याळ घेतलं, आणि आमची अक्का ही डबी घेऊन आली. आईनं कपाळ बडवून घेतलं. तोवर अक्का तपकीर म्हटली की नाक दाबून पळायची हो! वडिलांची डबी पडली तर उचलायची नाही. आणि ही आणल्या दिवसापासून दार लावून ओढायची. शिंकायची, मोरीत जाऊन ओकायची, पुन्हा ओढायची, आणि ते काहीतरी इंग्रजी बडबडत बसायची. आम्हाला वाटलं, वेड लागलं."

त्यांनी हात झटकले आणि आत गेले. आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, "गेली का एकदाची?" तुमच्याविषयी विचारलं की डबीविषयी, कोण जाणे.

ओकायची, बाई. तुम्ही. म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखीच किळस यायची. म्हणजे मिस नुसत्या बोलायच्या नाहीत, त्याही ओढायच्या, आणि त्यांचं नाक कोंडलेलं होतं, आणि तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी विलायती पुस्तकं आणून तुम्हाला जे शिकवत होतो, ते तुम्ही विशीच्या आत शिकून बसला होतात. मी म्हणत होतो ही तपकीर आहे, तुम्ही म्हणत होता मिस अशाच म्हणायच्या. दोघंही खरं बोलत होतो आणि त्यातला फक्त एक गाढव होता. तुम्ही एका वाक्यात मला सांगू शकला असतात. का नाही सांगितलंत? मी हसेन म्हणून? एस. टी.त ती पुडी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला तुमचा इतका संताप आला की शेजारचा माणूस सरकून बसला.

माफी मागतोय असं समजू नका. उच्चार माझाच बरोबर आहे. वर्गात मी तोच शिकवणार. पण डबी उघडल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही, हा तुमचा नेम कशासाठी होता, हे मला आता कळलं. तुम्हाला ती बाई खोलीत हवी असायची, आणि तिला आणायची दुसरी काही सोय तुमच्याकडे नव्हती.

आज सकाळी बायको बाजारात गेली. याडी बाहेर ओट्यावर उन्हाला बसली होती. तिला मी तुमचं अजून सांगितलेलं नाही; सांगितलं की तिचा दमा उसळेल, या नावाखाली दिवस ढकलतो आहे. मी टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. डबी उघडली. तळाशी थोडी उरली होती, तुमच्या बोटांचा खळगा तसाच. चिमूट घेतली आणि ओढली. बाई, काय घाण आहे हो ही! डोळ्यांतून, नाकातून पाणी, शिंकांवर शिंका, आणि मोरीत जाऊन सकाळचा चहा ओकलो. तोंड धुतलं, आरशात बघितलं, ओठावर तोच तांबूस ओघळ. परत आलो, दुसरी चिमूट ओढली, आणि डोळे मिटून ती चंद्राची ओळ म्हटली.

माझ्या तोंडातून तुम्ही बोललात. मागे आणखी एक बाई होती, तिला मी कधी पाहिलेलं नाही.

बाहेर याडीची काठी वाजली. दारातून तिनं मान आत घातली, पांढरे डोळे वर करून.

"छोरा, मास्तरीण आली काय रे? कवा आली? मले कोणी सांगतलं नाई."

मी रुमाल ओठावर दाबला.

"काहून गुमान बसला? पाणी देल्लं का तिले?" ती चाचपडत माठाकडं गेली, पेला भरला, आणि टेबलाच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढं नीट ठेवला. मग खाली भिंतीला टेकून बसली, पदर सावरला, श्वास जमवला.

"थांबली काहून?" ती म्हणाली. "वाच म्हणा तिले."

मी पुन्हा डबी उघडली.